उपग्रह बुडतो तेव्हा काय बुडते?

अवकाश मोहिमांच्या नियोजनात एक चौकोनी तक्ता सर्वांच्या ओळखीचा असतो. एका बाजूला एखादी गोष्ट बिघडण्याची शक्यता, एक ते पाच; दुसऱ्या बाजूला ती बिघडलीच तर होणारे नुकसान, तेही एक ते पाच. अशी पंचवीस घरे, हिरवी, पिवळी आणि लाल. बॅटरी लवकर दमेल, अँटेना उघडणार नाही, सॉफ्टवेअर रखडेल, पुरवठादार मुदत पाळणार नाही, अशा प्रत्येक धास्तीला या तक्त्यात घर मिळते, तिची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर चढते आणि पुढच्या आढाव्यात ती लाल घरातून पिवळ्यात सरकली का, याची विचारणा होते. नासाने मोहिमांना ए, बी, सी, डी अशा जोखमीच्या श्रेणीही लावल्या आहेत. ए श्रेणीत धोका शक्यतो पत्करायचाच नाही, महत्त्वाच्या प्रत्येक यंत्रणेला राखीव जोडीदार हवा. डी श्रेणीत स्वस्तात आणि झटपट करायचे, गमावले तर गमावले. पद्धत चांगली आहे आणि तिने अनेक उपग्रह वाचवले आहेत. माझी हरकत तिच्या चौकटीला आहे. हा तक्ता एका मोहिमेपुरता असतो आणि मोहीम संपली की तो मिटतो. पृथ्वीचे निरीक्षण करणाऱ्या उपग्रहांच्या बाबतीत मात्र जे पणाला लागलेले असते ते एका मोहिमेत मावत नाही.

गुरूकडे पाठवलेले यान वाटेत हरवले तर हळहळ वाटेल, पैसा जाईल, एका पिढीच्या शास्त्रज्ञांची उमेदीची वर्षे जातील. पण गुरू तिथेच असतो; पंधरा वर्षांनी पुन्हा जाता येते आणि जवळजवळ तेच पाहता येते. पृथ्वीचे तसे नाही. २००९ सालच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड २००९ सालीच मोजावा लागतो. शिवाय पृथ्वीबद्दलचे मोठे प्रश्न बहुतेक सगळे फरकाचे आहेत: समुद्र किती चढला, बर्फ किती घटले, सूर्याचे तेज कमी-जास्त झाले का, जमिनीखालचे पाणी किती उपसले गेले. फरक सांगायला निदान दोन मोजमापे लागतात, आणि ती एकाच मापाने घेतलेली असावी लागतात. एकच उपग्रह तीस वर्षे चालत नाही. त्यामुळे प्रत्येक लांब नोंद ही अनेक उपग्रहांच्या सांध्यांनी जोडलेली असते, आणि खरी जोखीम या सांध्यांत असते.

सूर्यापासून पृथ्वीला मिळणाऱ्या एकूण ऊर्जेची नोंद हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. पृथ्वीच्या सरासरी अंतरावर एका चौरस मीटरवर किती वॉट ऊर्जा पडते, हे १९७८ पासून उपग्रहांवरून सातत्याने मोजले जाते. अकरा वर्षांच्या सौरचक्रात हा आकडा सुमारे एक-दीड वॉटने, म्हणजे साधारण ०.१ टक्क्याने, खालीवर होतो. आधीच्या उपकरणांनी तो १३६५-१३६६ च्या आसपास दाखवला होता. जानेवारी २००३ मध्ये निघालेल्या सॉर्स या उपग्रहावरच्या उपकरणाने १३६१ दाखवला. सूर्य काही रातोरात चार-पाच वॉटने मंदावला नव्हता. जुन्या उपकरणांत विखुरलेला जादा प्रकाश शिरत होता, हे पुढे प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत उघड झाले. म्हणजे दोन उपकरणांमधला फरक हा शोधायच्या फरकाच्या तिप्पट-चौपट होता. दुकानदार जुना तराजू मोडीत काढण्याआधी तेच वजन दोन्ही तराजूंवर ठेवून पाहतो, तसे इथे दोन उपग्रह काही काळ एकाच वेळी आकाशात असावे लागतात. तसे असले तर त्यांच्यातला फरक वजा करून नोंद पुढे नेता येते. मध्ये एक वर्षाची फट पडली, तर त्या वर्षात सूर्य बदलला की तराजू बदलला, हे सांगायला कोणीही उरत नाही.

ही फट पडू नये म्हणून ग्लोरी हा उपग्रह आखला होता. ४ मार्च २०११ रोजी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्ग तळावरून टॉरस एक्सएल अग्निबाण त्याला घेऊन निघाला. टोकावरचे संरक्षक कवच सुटलेच नाही. कवचाचे वजन अंगावर असल्याने कक्षेत राहण्याइतका वेग मिळाला नाही आणि सुमारे ४२ कोटी डॉलरचा ग्लोरी प्रशांत महासागरात पडला. याच तळावरून, याच जातीच्या अग्निबाणाने, याच बिघाडाने २४ फेब्रुवारी २००९ रोजी हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा ओसीओ उपग्रह समुद्रात घालवला होता. त्या वेळी चौकशी झाली, पण एकच ठाम कारण हाती लागले नाही. चार-पाच संशयित कारणांवर उपाय केले गेले आणि अग्निबाण पुन्हा उभा राहिला. खरे कारण २०१९ मध्ये नासाने जाहीर केले. कवच फोडून वेगळे करणाऱ्या सांध्यातले ॲल्युमिनियम पुरवणाऱ्या कारखान्यात मजबुतीच्या चाचण्यांचे दाखले जवळजवळ दोन दशके खोटे बनवले जात होते. दोन उपग्रहांच्या मिळून ७० कोटी डॉलरच्या नुकसानीचे मूळ एका कागदावरच्या खोट्या आकड्यात होते. पंचवीस घरांच्या कोणत्याही तक्त्यात ‘दाखलाच खोटा आहे’ असे घर सहसा नसते, हे मान्य. पण तक्त्याबाहेरचा एक प्रश्न तेव्हाही विचारता आला असता: मूळ कारण न सापडलेल्या अग्निबाणावर, ज्याची जागा घेणारे दुसरे काही नाही असा उपग्रह ठेवावा का? अग्निबाणाची जोखीम दोन्ही खेपांना साधारण तेवढीच होती. नुकसानीची पायरी मात्र ग्लोरीच्या वेळी कितीतरी वरची होती, कारण सॉर्सची बॅटरी म्हातारी होत चालली होती.

आणि ती खरोखरच जुलै २०१३ मध्ये कोसळली. सॉर्सचे काम थांबले. १९७८ पासूनची नोंद तुटण्याच्या बेतात असताना जे वाचवणारे ठरले ते एक सुटे उपकरण होते. सॉर्सवरच्या मापकाचाच एक राखीव नग उपलब्ध होता. तो अमेरिकी हवाई दलाच्या एका प्रायोगिक उपग्रहावर घाईने बसवण्यात आला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये कक्षेत गेला. मग अभियंत्यांनी आजारी सॉर्सला डिसेंबरमध्ये आठवडाभरासाठी पुन्हा जागे केले, केवळ दोन्ही मापकांनी एकाच वेळी एकच सूर्य पाहावा म्हणून. त्या आठवड्यावर पस्तीस वर्षांची नोंद तरली. अभियंत्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच, पण याला नियोजन म्हणता येणार नाही. नियोजन कसे असते ते समुद्रपातळीच्या नोंदीत दिसते.

ऑगस्ट १९९२ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांनी मिळून टोपेक्स-पोसायडन पाठवला. १३३६ किलोमीटर उंचीवरून रडारचा स्पंद खाली सोडायचा आणि तो परत यायला लागलेल्या वेळावरून समुद्राचा पृष्ठभाग किती खाली आहे ते काढायचे. समुद्र वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटरच्या आसपास चढतो. इतक्या उंचीवरून इतका बारीक बदल पकडायचा तर उपकरणातली नगण्य चूकही शोधाएवढीच मोठी ठरते. म्हणून २००१ च्या अखेरीस जेसन-१ गेला तेव्हा त्याला टोपेक्सच्याच वाटेवर, त्याच्यापुढे जेमतेम मिनिटभराच्या अंतरावर ठेवले. कित्येक महिने दोघांनी तोच समुद्र, त्याच लाटा, तीच हवा पाहिली. २००८ मध्ये जेसन-२, २०१६ मध्ये जेसन-३ आणि २०२० मध्ये सेंटिनेल-६ यांच्या वेळी हाच पाठ गिरवला गेला. या काटेकोरपणाचा फायदा किती, ते टोपेक्सच्याच दुखण्यावरून कळते. त्याच्यावर दोन मापक होते. पहिला थकत चालल्याने १९९९ च्या सुरुवातीला राखीव मापक चालू केला. पुढे किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या मापकांशी ताडताना लक्षात आले की पहिल्या मापकाच्या वर्षांत समुद्र प्रत्यक्षापेक्षा वेगाने चढल्यासारखा दिसत होता. ती चूक दुरुस्त केल्यावर समुद्र चढण्याचा वेग स्वतःच वाढत असल्याचे चित्र स्पष्ट झाले. आधी ते झाकले गेले होते. एका उपकरणातला हा दोष दुसऱ्या उपकरणाशिवाय आणि किनाऱ्यावरच्या साध्या मापकांशिवाय सापडला नसता. राखीव वस्तूचे काम पहिली मोडल्यावर तिच्या जागी उभे राहण्यापुरते नसते. पहिली खोटे बोलते आहे का, हेही तीच सांगते.

लँडसॅटच्या इतिहासात याउलट नशिबाचा वाटा मोठा आहे. १९७२ पासून जमिनीची चित्रे काढणारी ही मालिका शेती, जंगल, शहरे यांच्या बदलांचा सर्वांत जुना सलग दस्तऐवज आहे. ५ ऑक्टोबर १९९३ रोजी लँडसॅट-६ कक्षेत पोहोचलाच नाही. इंधनाच्या नळीजोडणीत फाट गेली होती. त्या दिवशी मार्च १९८४ मध्ये उडालेला लँडसॅट-५ वयाची नऊ वर्षे ओलांडून बसला होता, आणि त्याचे ठरलेले आयुष्य होते तीन वर्षे. तो त्या वर्षी बंद पडला असता तर कोणालाही नवल वाटले नसते. तो २०१३ पर्यंत टिकला. १९९९ मध्ये आलेल्या लँडसॅट-७ च्या कॅमेऱ्यातला, उपग्रहाच्या पुढे सरकण्याची भरपाई करणारा आरसा ३१ मे २००३ रोजी निकामी झाला आणि तेव्हापासून प्रत्येक चित्रातला सुमारे २२ टक्के भाग कोरा राहू लागला. नोव्हेंबर २०११ मध्ये लँडसॅट-५ च्या मुख्य कॅमेऱ्याचे कामही थांबले. फेब्रुवारी २०१३ मध्ये लँडसॅट-८ उडेपर्यंत जगाची भिस्त त्या पट्टेदार चित्रांवर होती. लँडसॅट-८ वरच्या उष्णता मोजणाऱ्या उपकरणाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. ते योजनेत उशिरा घुसवले गेले, वेळ आणि पैसा कमी होता, म्हणून त्याला सी श्रेणी आणि तीन वर्षांचे आयुष्य ठरवले. शेजारच्या मुख्य कॅमेऱ्याला मात्र बी श्रेणी आणि पाच वर्षे. त्या उष्णतामापकात बाहेरचा प्रकाश शिरू लागला आणि पुढे त्याच्या आरशाची स्थिती सांगणारा भागही गडबडला. लँडसॅट-९ वर तेच उपकरण बी श्रेणीत बांधले गेले. श्रेणी ठरवताना उपकरणाची किंमत पाहिली गेली होती. पाण्याचा वापर मोजणारे लोक त्यावर किती अवलंबून आहेत, हे नंतर पाहिले गेले.

समुद्रावरच्या वाऱ्याची कथा भारतापर्यंत येते. स्कॅटरोमीटर हे उपकरण समुद्रावर रडारचे स्पंद टाकते. वाऱ्याने उठलेल्या बारीक तरंगांवरून ते कसे परततात, यावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा निघते. भर समुद्रात मोजमापाचे तरंगते बोये मोजके आणि वादळाच्या वाटेवर कोणतेही जहाज जात नाही. जून २०२० मध्ये अलिबागजवळ किनाऱ्याला भिडलेल्या ‘निसर्ग’सारखे वादळ समुद्रात आकार घेत असते तेव्हा त्याच्याभोवतीचा वारा विस्तृत पट्ट्यात मोजण्याचा हा मुख्य मार्ग. नासाचा असा मापक ऑगस्ट १९९६ मध्ये जपानच्या आदेओस उपग्रहावरून गेला; जून १९९७ मध्ये त्या उपग्रहाचा सौरपंखा तुटला आणि सारेच संपले. नासाने शिल्लक सुट्या भागांतून साधारण वर्षभरात क्विकस्कॅट हा नवा उपग्रह बांधला आणि तो जून १९९९ मध्ये उडाला. २३ नोव्हेंबर २००९ रोजी त्याचा फिरता अँटेना जागीच अडकला. बरोबर दोन महिने आधी, २३ सप्टेंबरला, इस्रोने स्कॅटरोमीटर घेतलेला ओशनसॅट-२ श्रीहरिकोट्याहून सोडला होता. अडकलेल्या क्विकस्कॅटला आता वादळे दिसत नव्हती, पण एका अरुंद पट्टीत तो अजूनही अचूक मोजत होता. म्हणून त्याला बंद न करता बाकीच्यांना ताडण्याचे प्रमाण म्हणून २०१८ पर्यंत चालू ठेवले. ओशनसॅट-२ वरचा मापक फेब्रुवारी २०१४ मध्ये थांबला. नासाने क्विकस्कॅटच्या काळातले चाचणीचे सुटे भाग काढून त्याच वर्षी एक मापक अंतराळ स्थानकावर बसवला. तो ऑगस्ट २०१६ मध्ये थांबला आणि पाचच आठवड्यांनी, २६ सप्टेंबरला, इस्रोचा स्कॅटसॅट-१ कक्षेत गेला. या वीस वर्षांची मालिका कोणी आधीपासून सलग आखलेली नव्हती, तरी ती बरीचशी टिकली. फळीवर जपून ठेवलेले सुटे भाग, अर्ध्या मेलेल्या उपग्रहाचाही उपयोग पाहणारी दृष्टी आणि एकाच देशावर न विसंबणारी मांडणी या तीन गोष्टींनी ती तारली. एका मोहिमेच्या जमाखर्चात या तिन्ही अनावश्यक खर्च म्हणून दिसतात.

राखीव उपग्रह ठेवला की प्रश्न मिटला, असेही समजू नये. युरोपने सेंटिनेल-१ हे रडार उपग्रह मुद्दाम जोडीने आखले. ढगांतून आणि अंधारातही पाहणारी ही चित्रे पुराच्या दिवसांत फार मोलाची. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पडला तसा वेढा पडला की आकाश ढगांनी भरलेले असते आणि साधे कॅमेरे आंधळे होतात. दोन उपग्रह मिळून दर सहा दिवसांनी तीच जागा पाहत. २३ डिसेंबर २०२१ रोजी सेंटिनेल-१बी चा वीजपुरवठा बिघडला आणि तो पुन्हा सावरला नाही. बदली उपग्रह बांधून होत आला होता. पण आधीचे दोघे ज्या रशियन सोयुझ अग्निबाणाने फ्रेंच गयानातून उडाले तो मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर बंद झाला. उरला नवा वेगा-सी, आणि तो डिसेंबर २०२२ मध्ये दुसऱ्याच उड्डाणात अपयशी ठरला. सेंटिनेल-१सी अखेर ५ डिसेंबर २०२४ ला गेला. बिघाडानंतर जवळजवळ तीन वर्षे राखीव उपग्रह होता, पण जमिनीवर होता. दोन उपग्रहांची जोखीम वेगळी धरताना ते एकाच दारातून बाहेर पडतात, हे हिशेबात हवे. इस्रोचे मे २०२५ मधले अपयश यासंदर्भात वेगळे आहे. पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात दाब घसरला आणि ईओएस-०९ हा रडार उपग्रह गेला. पण त्याच प्रकारचा ईओएस-०४ फेब्रुवारी २०२२ पासून कक्षेत होता. आणखी जुने उदाहरण २० सप्टेंबर १९९३ चे. पीएसएलव्हीच्या पहिल्याच उड्डाणावर इस्रोने आयआरएस-१ई ठेवला होता, आणि तो पहिल्या आयआरएसच्या जमिनीवरच्या चाचणी नमुन्यावरून तयार केलेला होता. उड्डाण फसले, उपग्रह गेला, मालिकेचे फारसे बिघडले नाही. नव्या अग्निबाणावर काय ठेवायचे याचा हा विचार ग्लोरीच्या वेळी आठवायला हवा होता.

या सगळ्यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल, आणि तो हलका नाही. प्रत्येक उपग्रहाला जुळा भाऊ बांधत बसलो तर नव्या प्रश्नांसाठी पैसा उरणार नाही. पण मालिकेच्या जोखमीचा विचार म्हणजे सरसकट दुप्पट खर्च नव्हे. कोणती फट किती महाग पडेल हे मापनागणिक बदलते, आणि ते आधी काढता येते. उपकरणाउपकरणांतला नेहमीचा फरक हा शोधायच्या बदलापेक्षा मोठा असेल, आणि मध्ये ताडायला दुसरे काही नसेल, तर फट म्हणजे नोंदीचा शेवट. सूर्याच्या ऊर्जेचे तसेच आहे. जमिनीच्या चित्रांचे तसे नाही. वाळवंटातल्या न बदलणाऱ्या पट्ट्यांवर किंवा चंद्रावर कॅमेरा रोखून नवा उपग्रह जुन्याशी बराचसा जुळवता येतो, तिथे फट पडली तर त्या वर्षांची चित्रे जातात, मालिका जात नाही. पहिल्या प्रकाराला राखीव उपकरण हवे, दुसऱ्याला उड्डाणाची शिस्त पुरेल. शिवाय उशिराचीही किंमत असते. क्रायोसॅट हा ध्रुवीय बर्फाची जाडी मोजणारा युरोपीय उपग्रह ८ ऑक्टोबर २००५ रोजी अग्निबाणाच्या सॉफ्टवेअरमधली एक आज्ञा राहून गेल्याने आर्क्टिकमध्ये पडला. युरोपीय अवकाश संस्थेने चार-पाच महिन्यांत तो पुन्हा बांधायचे ठरवले. आराखडे तयार, माणसे तयार, तरी क्रायोसॅट-२ कक्षेत जायला एप्रिल २०१० उजाडला. ओसीओ ते ओसीओ-२ हे अंतर पाच वर्षांहून थोडे जास्तच पडले. मधल्या काळात ओसीओचे शास्त्रज्ञ जपानच्या इबुकी उपग्रहाची मोजमापे घेऊन काम करत राहिले, म्हणून ज्ञान पूर्ण थांबले नाही. सुटे भाग फळीवर होते तिथे आदेओस गेल्यावर दोन वर्षांत क्विकस्कॅट कक्षेत होता. पाच वर्षे आणि दोन वर्षे यांतली तफावत हीच राखीव भागांची किंमत ठरवायची खरी मोजपट्टी आहे.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे: मोठे, महागडे उपग्रह हवेत कशाला, छोट्यांचा थवाच सोडावा, दोन पडले तर पडले. यात तथ्य आहे आणि पुरावाही आहे. वादळांचे तापमान आणि आर्द्रता मोजणाऱ्या ट्रॉपिक्स मोहिमेत सहा पिटुकले उपग्रह होते. १२ जून २०२२ रोजी पहिले दोन अग्निबाणासह गेले, पण चार उरले तरी काम होईल अशी आखणी आधीच होती, आणि मे २०२३ मध्ये न्यूझीलंडहून उरलेले चार कक्षेत पोहोचले. जोखीम ओळखून, किंमत मान्य करून घेतलेला हा धोका होता. तक्रार करायला जागा नाही. मात्र थव्याला दोन मर्यादा आहेत. काही मोजमापांना भौतिकशास्त्रच मोठे आकारमान मागते. नासा आणि इस्रो यांच्या निसार उपग्रहाचा अँटेना १२ मीटर व्यासाचा आहे तो कोणाच्या हौसेने नव्हे. आणि छोट्या, स्वस्त मापकांचे आकडे कोणा अचूक, स्थिर मापकाशी जुळवत राहावे लागतात. थवा भोके बुजवतो. प्रमाण ठरवणारा मापक तरीही कोणीतरी जपावाच लागतो. खाजगी कंपन्यांकडून माहिती विकत घ्यावी, या सूचनेलाही हेच उत्तर लागू पडते, आणि शिवाय ऐंशीच्या दशकात लँडसॅट खाजगी हाती दिल्यावर चित्रांच्या किमती हजारो डॉलरवर गेल्या आणि ग्राहक नसलेल्या प्रदेशांची चित्रे कमी निघू लागली, हा धडा ताजाच म्हणायचा.

सावधगिरीलाही जोखीम असते, हा तिसरा मुद्दा माझ्या बाजूनेच वळवता येतो. २०२४ मध्ये निसार बंगळूरला जवळजवळ तयार असताना लक्षात आले की घडी घातलेल्या अवस्थेत त्याचा जाळीदार अँटेना अवकाशात प्रमाणाबाहेर तापू शकेल. अँटेना कॅलिफोर्नियाला परत पाठवून त्याच्या काही भागांवर ऊन परतवणारे आवरण चढवले गेले आणि उड्डाण वर्षाहून अधिक पुढे गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये क्रायोजेनिक टप्पा पेटला नाही म्हणून ईओएस-०३ गमावलेला जीएसएलव्ही, म्हणजे निसारचा अग्निबाणही, तोवर तीनदा यशस्वी उडाला होता. ३० जुलै २०२५ ला निसार गेला आणि ऑगस्टमध्ये अँटेना नीट उघडला. उशीर इथे परवडला, कारण निसारची वाट पाहत कोणी मरणपंथाला लागलेला पूर्वज नव्हता. तो असता, तर त्याच उशिराचे गणित उलटले असते: अँटेना तापण्याची थोडीशी शक्यता एका पारड्यात आणि जुना उपग्रह या वर्षात बंद पडण्याची शक्यता दुसऱ्या पारड्यात. मोहिमेच्या तक्त्यात दुसरे पारडे नसतेच, कारण जुना उपग्रह दुसऱ्या मोहिमेचा असतो.

ज्या ठिकाणी हे दुसरे पारडे आज सर्वांत जड आहे ते म्हणजे गुरुत्वाकर्षणाची मोजणी. मार्च २००२ मध्ये उडालेले ग्रेसचे दोन उपग्रह एकामागे एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरत. खाली पाणी किंवा बर्फ जास्त असले की आधी पुढचा ओढला जाई, मग मागचा, आणि त्यांच्यातल्या अंतराचा केसाहून बारीक बदल मोजून खाली किती वस्तुमान आहे ते काढले जाई. याच मोजणीतून २००९ मध्ये समजले की राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल नाहीसे झाले होते. विहिरींच्या नोंदींवरून इतका मोठा, एकसंध आकडा काढणे अवघड होते. पाच वर्षांसाठी बांधलेला ग्रेस पंधरा वर्षे चालला. शेवटी बॅटऱ्या दमल्या आणि २०१७ मध्ये तो संपला. पुढची जोडी, ग्रेस-एफओ, २२ मे २०१८ रोजी गेली. मध्ये जवळजवळ वर्षभराची फट राहिली. अंतर मोजण्याची पद्धत मुळातच भक्कम असल्याने दोन्ही नोंदी बऱ्या जुळल्या, पण त्या वर्षी कोणत्या खोऱ्यातून किती पाणी गेले, ते कधीच तितके नेमके कळणार नाही. ग्रेस-एफओच्या एका उपग्रहातले त्वरणमापक उड्डाणानंतर लवकरच बिघडले आणि दुसऱ्याच्या मोजमापावरून त्याचे आकडे भरून काढावे लागत आहेत. पाच वर्षांची मुदत २०२३ मध्ये उलटली. जर्मनी आणि अमेरिका मिळून बांधत असलेली ग्रेस-सी ही पुढची जोडी २०२८ मध्ये पाठवायचे ठरले आहे, आणि युरोपीय संस्थेची वेगळ्या कलाच्या कक्षेतली आणखी एक जोडी पुढच्या दशकासाठी आखली जात आहे. दोन्ही वेळेवर गेल्या, तर या मोजणीसाठी या दोन जोड्या एकाच वेळी आकाशात असतील.